उंचीची पेटी आणि तिच्यातले उंदीर

'उंचावर हवेतील प्राणवायूचे प्रमाण कमी असते' हे वाक्य आपण वर्गात इतक्या सहजपणे बोलतो की, ते चूक आहे असे कोणी म्हटल्यास विद्यार्थ्यांपेक्षा शिक्षकच अधिक चमकतात. अकोल्याच्या हवेत प्राणवायू २०.९ टक्के, चिखलदऱ्याच्या हवेत २०.९ टक्के आणि लेहच्या हवेतही तितकाच. टक्केवारी बदलत नाही. बदलतो तो हवेचा एकूण दाब, आणि त्या दाबात प्राणवायूचा जो वाटा असतो, म्हणजे त्याचा आंशिक दाब, तो त्याबरोबर उतरतो. समुद्रसपाटीला दाब ७६० मिलिमीटर पारा. अकोल्याला, सुमारे २८० मीटर उंचीवर, ७३५ च्या आसपास. चिखलदऱ्याला, सुमारे १,१०० मीटरवर, ६६६. लेहला, सुमारे ३,५०० मीटरवर, ४९३. श्वासनलिकेत शिरलेली हवा शरीराच्या उष्णतेने बाष्पाने भरते. त्या बाष्पाचा दाब ४७ मिलिमीटर वजा करून उरलेल्याचे २०.९ टक्के घेतले की फुप्फुसांकडे जाणाऱ्या प्राणवायूचा आंशिक दाब मिळतो. मुंबईला तो १४९, अकोल्याला १४४, चिखलदऱ्याला १२९ आणि लेहला ९३ मिलिमीटर येतो.

हा भेद शब्दांचा नाही. तो सिद्ध व्हायला एका फ्रेंच शास्त्रज्ञाची अनेक वर्षे आणि असंख्य चिमण्या, उंदीर, ससे, मांजरे व कुत्री खर्ची पडली. त्याचे नाव पॉल बेर. इंग्रजी पुस्तके वाचणाऱ्यांच्या तोंडी ते 'बर्ट' असे बसले आहे. क्लोद बर्नार या थोर शरीरक्रियाशास्त्रज्ञाचा हा शिष्य. 'ला प्रेसियों बारोमेत्रिक' हा त्याचा अकराशेहून अधिक पानांचा ग्रंथ १८७८ साली पॅरिसला प्रसिद्ध झाला. इंग्रजी भाषांतर व्हायला १९४३ साल उजाडले, तेही लढाऊ विमाने उंच उडू लागली आणि वैमानिकांची शुद्ध हरपू लागली म्हणून. सव्वाशेहून अधिक वर्षे जुन्या ग्रंथाचे आज परीक्षण कशाला, असे कोणी विचारील. उत्तर असे की, बेर याने वापरलेली पेटी आज जगभरच्या प्रयोगशाळांत आहे, पण त्या पेटीला प्रश्न कसा विचारायचा हे जे त्याने शिकवले, ते तिच्याबरोबर सगळीकडे पोचलेले नाही.

त्या काळी उंचावरच्या आजाराची कारणे पुष्कळ सांगितली जात. कोणी म्हणे, बाहेरचा दाब कमी झाल्याने रक्त कातडीकडे ओढले जाते. कोणी थंडीला दोष देई, कोणी चढण्याच्या श्रमाला, तर कोणी डोंगरातल्या विषारी वायूंना. मेक्सिकोत वैद्यकी केलेला झुर्दाने हा डॉक्टर मात्र, रक्तात प्राणवायू कमी पडतो, असे म्हणत होता. त्यानेच पैसे दिले आणि बेरच्या प्रयोगशाळेत माणूस बसू शकेल असे लोखंडी कक्ष उभे राहिले. पंपाने हवा काढून घ्यायची, दाब उतरवायचा आणि आतल्या प्राण्याचे काय होते ते काचेतून पाहायचे, अशी व्यवस्था.

एवढ्यावर बेर थांबला असता तर त्याचे नाव आज कोणी घेतले नसते. दाब कमी केला, चिमणी कोसळली. यातून काय सिद्ध झाले? काहीच नाही. कारण दाब उतरवताना दोन गोष्टी एकदम बदलल्या : एकूण दाबही उतरला आणि प्राणवायूचा आंशिक दाबही. चिमणी कशाने कोसळली हे पेटी सांगत नाही. बेरचे मोठेपण यापुढच्या पायरीत आहे. त्याने या दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवल्या. दाब कमीच ठेवला, पण पेटीत प्राणवायू जास्त असलेली हवा सोडली. कोसळायला आलेली चिमणी सावरली, आणि मग दाब आणखी खाली नेला तरी टिकली. उलट बाजूने, दाब नेहमीचा ठेवून हवेतला प्राणवायू कमी केला, तर उंचीवरची सारी लक्षणे जमिनीवरच दिसली. तिसऱ्या मार्गाने, दाब वाढवला आणि प्राणवायूची टक्केवारी त्या मानाने उतरवली, तर प्राण्याला काही झाले नाही. म्हणजे टक्केवारी आणि दाब यांचा गुणाकार तेवढा महत्त्वाचा. शुद्ध प्राणवायू फार मोठ्या दाबाखाली दिला, तर प्राण्यांना आकडी येऊन ते मरतात हेही त्यानेच दाखवले. प्राणवायू हा प्राण देणारा म्हणून त्याचे नाव तसे पडले, पण तो जास्त झाला की विष होतो. मराठी नावातून हे कळत नाही.

मार्च १८७४ मध्ये बेर स्वतः पेटीत बसला आणि अधूनमधून प्राणवायू ओढत त्याने दाब २४८ मिलिमीटरपर्यंत उतरवू दिला. हा दाब एव्हरेस्टच्या शिखरावरच्या दाबाच्या जवळपास आहे. त्याच महिन्यात क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल या दोन बलूनवीरांनाही त्याने पेटीत बसवून प्राणवायूचा उपयोग दाखवला होता. पुढल्या वर्षी, १५ एप्रिल १८७५ रोजी, हे दोघे तिसांदिए याच्याबरोबर 'झेनिथ' या बलूनमधून वर गेले. प्राणवायूच्या पिशव्या बरोबर होत्या. हा साठा अपुरा आहे असे पत्र बेरने पाठवले होते, पण ते उशिरा पोचले. प्राणवायू घ्यायची वेळ आली तेव्हा हात उचलत नव्हते. तिसांदिए तेवढा वाचला, तोही बहिरा होऊन.

आता दोष. बेरच्या ग्रंथातील सर्वांत मोठी उणीव म्हणजे काळ. त्याचे बहुतेक प्रयोग मिनिटांचे आणि तासांचे. डोंगरावर माणूस दिवसचे दिवस राहतो, आणि राहता राहता बदलतो. हे बेरच्या ध्यानात आले नव्हते असे नाही. उंचावरच्या प्राण्यांचे रक्त अधिक प्राणवायू धरत असले पाहिजे असा तर्क त्याने ग्रंथात मांडला, आणि १८८२ मध्ये बोलिव्हियातील ला पाझ येथून मागवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून तो खराही ठरवला. पण स्वतःच्या पेटीत तो हे दाखवू शकला नाही. ते काम १८९० मध्ये व्हियो याने पेरूतील मोरोकोचा या खाणीच्या गावी, सुमारे ४,५०० मीटरवर केले. तीन आठवड्यांत त्याच्या स्वतःच्या रक्तातील तांबड्या पेशी घनमिलिमीटरला ५० लाखांवरून ८० लाखांवर गेल्या. पेटीतल्या प्राण्यांना आठवडेच्या आठवडे ठेवायचे, तर नुसता पंप पुरत नाही, हा धडा येथून सुरू होतो.

पेटी मिनिटांची असते तेव्हा ती भौतिकशास्त्राचे उपकरण असते. ती आठवड्यांची झाली की ते घर होते, आणि घरात खाणे, पिणे, हगणे, मुतणे, झोप, उकाडा असे सगळे येते. यांतल्या प्रत्येकाने रक्तातले आकडे हलतात.

एक हिशेब करून पाहू. वर्गात फळ्यावर करण्याजोगा आहे. ५०० लिटरची पेटी घ्या, दाब ३८० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ ५,५०० मीटरची उंची. आत दहा उंदीर. प्रत्येक उंदीर ताशी ४०० मिलिलिटर प्राणवायू वापरतो असे धरू. पाव किलोच्या उंदराला हे वाजवी आहे. म्हणजे दहांचे ताशी ४ लिटर. निम्म्या दाबाच्या ५०० लिटर पेटीत नेहमीच्या दाबाने मोजलेली हवा फक्त २५० लिटर असते. तिच्यातला ४ लिटर प्राणवायू संपला की टक्केवारी २०.९ वरून १९.३ वर येते. पेटी बंद असेल, तर त्या जागी जवळजवळ तितकाच कार्बन डायऑक्साइड येतो, त्यामुळे दाबमापकाचा काटा जागचा हलत नाही. पण श्वासातल्या प्राणवायूचा आंशिक दाब ७० वरून ६४ वर उतरलेला असतो. बाहेर उभा असलेला संशोधक वहीत ५,५०० मीटर लिहितो. आतले उंदीर तासाभरात ६,००० मीटरवर पोचलेले असतात. शिवाय ते कार्बन डायऑक्साइडही हुंगत असतात, आणि तो श्वासाचा वेग वाढवतो. म्हणजे पुन्हा दोन गोष्टी एकदम बदलल्या, आणि बेरच्या आधीच्या काळात आपण जाऊन बसलो.

यावरचा उपाय साधा आहे. पंप सतत चालू ठेवायचा, दुसरीकडून बारीक झडपेने ताजी हवा आत घ्यायची, आणि या दोहोंचा तोल साधून दाब स्थिर ठेवायचा. पण मग वाहत्या हवेचा वेग किती, हा प्रश्न येतो. वेग कमी झाला, तर वरचा हिशेब लागू होतो आणि लघवीतून सुटणारा अमोनिया साचून उंदरांची नाके-फुप्फुसे बिघडतात. श्वसनाच्या प्रयोगातच श्वासमार्ग बिघडलेला प्राणी! वेग फार वाढवला, तर वारा लागून प्राणी गारठतात. म्हणून चांगल्या संशोधन-लेखात हवेचा वेग लिटरमध्ये दिलेला असतो आणि आतल्या प्राणवायूची व कार्बन डायऑक्साइडची मोजणी दिलेली असते. ती नसेल तर मी तरी पुढचे तक्ते वाचत नाही.

उष्णतेचा मामला याहून अवघड. हवा विरळ झाली की अंगावरची उष्णता वाहून नेण्याची तिची ताकद घटते. पाणी मात्र लवकर उडते. शिवाय उंदरासारख्या लहान प्राण्याला प्राणवायू कमी पडला की तो शरीराचा चुलाच मंद करतो : शरीराचे तापमान आणि प्राणवायूचा खप दोन्ही उतरतात. माणसात हे फारसे होत नाही. तेव्हा उंदीर उंची सहन करतो म्हणून माणूसही करील, हा तर्क येथेच लंगडा पडतो. आता असा कक्ष अकोल्यात उभारायचा म्हणा. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात, आपण कूलर लावून दिवस काढतो. कूलरने तापमान उतरते, पण हवा ओलसर होते. जुलैत तोच कूलर निरुपयोगी. कक्षात येणारी ताजी हवा जर खोलीतूनच घेतली, तर मे महिन्यातले उंदीर आणि जुलैतले उंदीर यांची तुलना उंचीची नसून ऋतूंची होईल. आत येणारी हवा आधी एका ठरावीक तापमानाला आणि आर्द्रतेला आणून मगच झडपेतून सोडली पाहिजे. हा खर्च पंपाच्या खर्चाइतकाच असतो, आणि प्रस्तावात कात्री लागते ती बहुधा यालाच.

स्थानिक दाबाकडे होणारे दुर्लक्ष ही आणखी एक गोष्ट. आजकाल पुष्कळ ठिकाणी दाब न उतरवता नायट्रोजन मिसळून प्राणवायू कमी करतात. हा मार्ग स्वस्त, आणि जुनाही. केंब्रिजला १९२० साली जोसेफ बारक्रॉफ्ट काचेच्या खोलीत सहा दिवस राहिला, तो अशाच कमी प्राणवायूच्या हवेत. मुंबईत लेहची उंची उभी करायची, तर १३.१ टक्के प्राणवायू लागतो. समजा, तोच आकडा मुंबईच्या लेखातून उचलून अकोल्यात वापरला. अकोल्याचा दाब आधीच २५ मिलिमीटरने कमी, त्यामुळे उंदरांना मिळेल तो ९३ नव्हे, ९० मिलिमीटर. म्हणजे लेहच्याही वर सुमारे अडीचशे मीटर. अकोल्याला योग्य आकडा १३.६ टक्के. साध्या पोकळीमापकाचेही असेच आहे. तो बाहेरच्या हवेच्या दाबाशी फरक दाखवतो, खरा दाब नाही. बाहेरची हवा बदलली की आतला आकडा खोटा होतो.

कोष्टकांवर फार विसंबूही नये. प्रमाण वातावरणाच्या कोष्टकानुसार एव्हरेस्टवर दाब २३६ मिलिमीटर असायला हवा. १९८१ च्या अमेरिकन वैद्यकीय मोहिमेत पिझो या डॉक्टर-गिर्यारोहकाने शिखरावर बसून तो मोजला, तर २५३ निघाला. विषुववृत्ताकडच्या प्रदेशांवर हवेचा थर जाड असतो, म्हणून एवढ्याच उंचीवर ध्रुवांकडच्या मानाने तेथे दाब जास्त. त्या १७ मिलिमीटरांवाचून माणूस प्राणवायूच्या नळकांड्याशिवाय एव्हरेस्टवर पोचला असता का, याची शंका जाणकारांना वाटते. संशोधन-लेखात कक्षाची नुसती 'मीटर' उंची दिलेली असली, तर ती कोणत्या कोष्टकाची हे विचारावे.

खाण्यापिण्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. उंचीवर गेलेले उंदीर पहिल्या काही दिवसांत कमी खातात, कमी पितात आणि वजन गमावतात. कमी पाण्याने रक्तातला द्रव आटतो, रक्त घट्ट होते, आणि एकही नवी तांबडी पेशी न बनता पेशींची टक्केवारी वाढलेली दिसते. व्हियोच्या ८० लाखांतही काही वाटा असाच होता, हे पुढे कळले. उपासमारीने यकृत, स्नायू, संप्रेरके सगळेच बदलतात. म्हणून तुलनेसाठी दोन गट हवेत : एक भरपेट खाणारा, आणि दुसरा, पेटीतल्या उंदरांनी आदल्या दिवशी जितके खाल्ले तितकेच मोजून दिलेला. हा दुसरा गट मला फार थोड्या लेखांत भेटला आहे. तिसरीही एक तुलना लागते. तुलनेचे उंदीर शांत प्राणीगृहात आणि प्रयोगाचे उंदीर घरघरणाऱ्या पंपाशेजारी, ही तुलना उंचीची होत नाही. दुसरी अगदी तशीच पेटी हवी, तसाच पंप, तसाच वारा, फक्त दाब बाहेरचा. आणि पिंजरे साफ करायला पेटी रोज उघडत असाल, तर उंदीर रोज थोडा वेळ खाली येतात हेही नोंदले पाहिजे. सतत उंचीवर राहणे आणि रोज वर-खाली करणे यांना शरीर वेगवेगळे उत्तर देते. ज्यांना परवडते ते दोन दारांचा लहान मधला कक्ष बसवतात.

आपल्या देशात हा विषय पुस्तकी राहिला नाही. १९६२ च्या युद्धात सखल भागातले जवान थोड्या दिवसांत हिमालयात चढवले गेले. फुप्फुसात पाणी होण्याच्या विकाराने अनेकांना गाठले. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,९२५ जवानांच्या आजाराची नोंद १९६९ मध्ये प्रसिद्ध केली. उंचीवरच्या वैद्यकात ती आजही वाचली जाते. दिल्लीची शरीरक्रियाशास्त्राची संरक्षण संशोधन संस्था, जी 'दिपास' या नावाने ओळखली जाते, तीही १९६२ चीच. १९८४ पासून सियाचेनवर जवान ६,००० मीटरच्याही वर राहतात. तेव्हा कक्षात उंदीर कशाला कोंडता, या प्रश्नाला उत्तर आहे. पण उंदरांवरचे भारतीय लेख चाळले तर एक आकडा पुनःपुन्हा भेटतो : २५,००० फूट, म्हणजे ७,६२० मीटर, दाब २८२ मिलिमीटर. त्या उंचीवर कोणतीही चौकी नाही आणि कोणतेही गाव नाही. आकडा निवडण्याचे कारण कळते. उंदीर कणखर असतो, आणि कमी दिवसांत स्पष्ट परिणाम दिसायला मात्रा जबर लागते. पण अशा पेटीत जे दिसते ते तीव्र आघाताचे चित्र असते. ३,५०० मीटरवर महिनोन्महिने राहणाऱ्या माणसाच्या शरीराविषयी त्यावरून बोलणे म्हणजे भाजलेल्या हातावरून उन्हाचा अभ्यास करणे होय. लेखाच्या मथळ्यात 'उंचीवरील अनुकूलन' आणि आत तीन दिवसांचे २५,००० फूट, अशी विसंगती दिसली की परीक्षकाने लेख परत पाठवावा असे माझे मत आहे.

यात प्राण्यांच्या जिवाचा प्रश्न वेगळा काढता येत नाही. रसेल आणि बर्च या दोघांनी १९५९ साली, पर्याय शोधा, संख्या घटवा, यातना घटवा, असा आग्रह धरला. आपल्याकडे १९९८ च्या नियमांपासून अशा प्रयोगांना संस्थेच्या प्राणी-नीती समितीची संमती लागते. समितीसमोर बहुधा विचारले जाते ते 'किती उंदीर?' एवढेच. पेटीत हवा किती वेगाने वाहणार, तुलनेची पेटी आहे का, रात्री वीज गेली तर झडप कोणत्या बाजूला पडणार, हे विचारले जात नाही. वऱ्हाडात तरी हा शेवटचा प्रश्न पहिला असायला हवा. पंप थांबला आणि ताज्या हवेची झडप उघडी राहिली, तर दाब झपाट्याने चढून कानाचे पडदे फाटू शकतात. झडप बंद पडली, तर सकाळपर्यंत आतले उंदीर गुदमरून मेलेले असतात. झडप वीज नसताना अर्धवट, मोजून उघडी राहील अशी बसवता येते. तिच्या जोडीला हाताने फिरवायची एक चकती. यात अवघड असे काही नाही. नसली, तर वीस उंदीर जातात आणि एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

दाब मोजायला शाळेत महागडे यंत्र लागत नाही. परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्याला सहल जातेच. अकोल्याला किंवा अमरावतीला पाणी ९९ अंशांच्या आसपास उकळते, चिखलदऱ्याला ९६.४ ला. निघण्यापूर्वी आणि वर पोचल्यावर एकाच थर्मामीटरने उत्कलनबिंदू घ्यावा, वाफेच्या दाबाच्या कोष्टकात दाब पाहावा, आणि त्यावरून वरच्या रीतीने श्वासातल्या प्राणवायूचा आंशिक दाब काढावा. थर्मामीटर अर्ध्या अंशाने चुकला, तर उंचीत दीडशे मीटरची चूक येते. वर्गातल्या दहा थर्मामीटरांनी दहा उंच्या आल्या, तर त्या तशाच फळ्यावर लिहाव्यात.